गाडलेल्या गुपिताचे वजन

अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखात हाइड रिव्हर नावाचे खाणकामगारांचे एक जुने गाव आहे. तिथे अधूनमधून माणसे नाहीशी होतात आणि गावकरी त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. भावाच्या मृत्यूचे कारण शोधायला आलेला एक वन्यजीव अभ्यासक चौकशी करत फिरतो, तर लोक विषय बदलतात किंवा सरळ दार लावून घेतात. हळूहळू त्याच्या लक्षात येते, की यातल्या काहींच्या छातीवर, बरोबर हृदयाच्या जागी, एक काळा डाग आहे. दडवलेल्या पापाची ती खूण. डाग पसरत जातो, त्यातून स्राव झिरपतो. आणि एके दिवशी तोच डाग त्याला स्वतःच्या छातीवर दिसतो.

हे गाव नकाशावर सापडणार नाही. फ्रँक पेरेटी यांच्या ‘द ओथ’ या १९९५ मधल्या कादंबरीतले ते आहे. ‘ओथ’ म्हणजे शपथ. गावाच्या पूर्वजांनी सत्य दडवण्यासाठी घेतलेली. छातीवरचा डाग ही अर्थातच लेखकाची कल्पना. त्वचारोगतज्ज्ञ ती ऐकून हसतील. पण दडवलेली गोष्ट माणसाला आतून पोखरते का, शरीर-मनावर तिचा परिणाम दिसतो का, हा प्रश्न मानसशास्त्राने गेल्या चाळीस वर्षांत गांभीर्याने घेतला आहे. त्याची जी उत्तरे मिळाली, त्यांवरून या कादंबऱ्यांना इतका निष्ठावान वाचक का लाभतो, तेही थोडेफार उमगते.

अमेरिकेत ‘ख्रिश्चन सस्पेन्स’ हा कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रकार आहे. नॅशव्हिल, ग्रँड रॅपिड्स, मिनिआपोलिस या शहरांत त्याचे मोठे प्रकाशक आहेत. टेरी ब्लॅकस्टॉक, डी हेंडरसन, आयरीन हॅनन, लिनेट ईसन, कॉलीन कोबल ही त्यातली ठळक नावे, बहुतेक लेखिकाच. या प्रकाराचे काही दंडक आहेत. शिवीगाळ नाही, शयनगृहाचे दार बंद. खून मात्र चालतो. त्यातले एक कथानक पुन्हा पुन्हा भेटते: अनेक वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेली नायिका परत येते, आजीच्या घराच्या माळ्यावर पत्रांचा गठ्ठा सापडतो किंवा तळ्यातून जुनी गाडी वर काढली जाते, आणि सगळ्यांनी मिळून पुरलेले काहीतरी उकरले जाते.

या कथानकाची मुळे बायबलमध्येच आहेत. यहोशवाच्या पुस्तकात आखान लुटीतले सोने-चांदी आणि एक उंची झगा आपल्या तंबूत अक्षरशः जमिनीत पुरतो, आणि त्यापायी सगळ्या लोकांवर संकट ओढवते. योसेफाचे भाऊ त्याला विकतात आणि बापाला रक्ताने माखलेला अंगरखा दाखवतात. ते खोटे वर्षानुवर्षे त्या घरात नांदते. दावीद राजा बथशेबेच्या नवऱ्याला लढाईत पुढे पाठवून मारवतो, आणि नाथान संदेष्टा एक साधी गोष्ट सांगून त्याच्या तोंडून कबुली काढतो. दावीदाच्या नावाने ओळखले जाणारे बत्तिसावे स्तोत्र तर गप्प राहिल्याने हाडे झिजल्याची तक्रार करते. याकोबाच्या पत्रात आपले अपराध एकमेकांना सांगा म्हणजे बरे व्हाल, असा सल्ला आहे. त्याचे आध्यात्मिक अर्थ वेगवेगळे लावले जातात, पण कबुली आणि बरे होणे यांची जोडी मात्र फार जुनी आहे.

ब्लॅकस्टॉक यांची ‘इफ आय रन’ ही २०१६ मधली कादंबरी या प्रकाराचा चांगला नमुना म्हणता येईल. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात केसी कॉक्सच्या मित्राचा खून होतो आणि सगळे पुरावे तिच्याकडे बोट दाखवतात. ती पळते. तिला शोधायला नेमलेला डिलन रॉबर्ट्स हा लष्करातून परतलेला, युद्धाच्या आघाताने मन पोळलेला तरुण. केसीला काहीतरी ठाऊक आहे. ती बारा वर्षांची असताना पोलीस असलेले तिचे वडील मृतावस्थेत सापडले होते. ती आत्महत्या ठरवली गेली, पण तिचा त्यावर विश्वास नाही. ते सांगावे, तर ऐकून घेणारेच त्यात गुंतलेले असण्याची भीती. कथा वेगाने पळते, पण वाचकाला धरून ठेवतो तो केसीचा एकटेपणा. खरी गोष्ट ठाऊक आहे आणि सांगायला कोणी नाही, अशी तिची अवस्था आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला खून कोणी केला याची उत्सुकता ओळखीची आहे. इथे त्याच्या जोडीला ‘ही आता कोणाला सांगणार?’ हा प्रश्न येतो, आणि बऱ्याचदा तोच वरचढ ठरतो.

एक गंमत अशी, की या वाचकाला शेवट साधारण माहीत असतो. सत्य बाहेर येणार, कोणीतरी क्षमा करणार, श्रद्धा टिकणार. मग उत्कंठा उरते कशी? सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या निकोलस क्रिस्टनफेल्ड आणि जोनाथन लेव्हिट यांनी २०११ मध्ये बारा लघुकथा वाचायला देऊन पाहिले, तर शेवट आधी सांगूनही वाचकांची गोडी कमी झाली नाही, उलट बहुतेक कथा थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलटे निष्कर्ष आले, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. पण उत्कंठेचा उगम आपल्याला आवडलेल्या पात्राच्या काळजीत असतो, हे डॉल्फ झिलमन या अभ्यासकाचे म्हणणे इथे चपखल बसते. शेवटाची खात्री असली, की भीती सोसण्याजोगी होते. अंधाऱ्या जिन्यावर पुढचा माणूस दिवा घेऊन चालतो आहे, हे ठाऊक असल्यासारखे.

आता विज्ञानाकडे. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन गेली अनेक वर्षे गुपितांचाच अभ्यास करत आहेत. माणसे काय काय लपवतात, याचे त्यांनी ३८ प्रकार पाडले: व्यभिचार, चोरी, व्यसन, आर्थिक भानगडी, गर्भपात, लैंगिक कल, जुना आघात, घरच्यांशी बोललेले खोटे वगैरे. त्यांच्या पाहण्यांत सरासरी माणसाकडे यातली १३ गुपिते निघाली, त्यांपैकी ५ त्याने कोणालाच सांगितलेली नव्हती. म्हणजे आपल्याभोवतीची साधी, हसरी माणसेही काही ना काही उराशी घेऊन हिंडत असतात.

त्यांच्या २०१७ मधल्या संशोधनाने एक जुनी समजूत मोडली. गुपित राखणे म्हणजे चारचौघांत तोंड सांभाळणे, आणि त्याचाच ताण येतो, असे धरले जात होते. प्रत्यक्षात गुपित लपवण्याची वेळ दिवसात फारशी येतच नाही. भांडी घासताना, लोकलमध्ये उभे असताना, अंथरुणाला पाठ टेकल्यावर मन आपणहून तिकडे जाते, ते मात्र कितीतरी अधिक वेळा. आणि माणसाच्या स्वास्थ्याचा संबंध लागतो तो या दुसऱ्या गोष्टीशी. किती वेळा लपवले याला फारसे महत्त्व नाही. किती वेळा एकट्याने घोळवले, याला आहे.

‘मग विचारच करू नये’ हा सल्ला सोपा वाटतो. आपल्याकडे औषध घेताना माकड आठवू नका असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आहे. टेक्सासमध्ये डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये माकडाच्या जागी पांढरे अस्वल घेतले. पाच मिनिटे अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. पुढे ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांना आधी मनाई केली होती त्यांच्या मनात अस्वलाने जास्तच ठाण मांडले. गुपित म्हणजे आयुष्यभर सांभाळायचे पांढरे अस्वल. रहस्यकथेतली पात्रे जमिनीत काहीही पुरोत, लेखक त्यांच्या मनातल्या कुदळीचा आवाज थांबू देत नाही, आणि तो आवाज वाचकाला ओळखीचा वाटतो.

सगळ्याच गुपितांचे ओझे मात्र सारखे नसते. स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये शरम आणि अपराधभाव यांत फरक करून पाहिला. ‘मी वाईट वागलो’ हा अपराधभाव. त्यात भरपाईला, माफीला वाट असते. ‘मीच वाईट’ ही शरम. तिला दारच नसते. ज्या गुपिताभोवती शरम असते, तिकडे मन अधिक वेळा ओढले जाते, असे त्यांना आढळले. या कादंबऱ्यांची खरी ताकद बहुधा इथे आहे. कथेच्या सुरुवातीला पात्र शरमेने गोठलेले असते आणि शेवटी कोणीतरी त्याला सांगते, की तू केलेस ते चूक होते, पण तू म्हणजे ती चूक नव्हेस. धर्माची भाषा त्याला कृपा म्हणते. समुपदेशक दुसरा शब्द वापरेल, पण प्रयत्न बराचसा तोच असेल.

काळ्या डागाकडे मात्र सावधपणे पाहायला हवे. मोठे गुपित मनात असलेल्यांना समोरचा चढ अधिक उभा वाटतो, असा स्लेपियन यांचाच २०१२ मधला निष्कर्ष खूप गाजला होता. इतरांनी प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो तसा निघाला नाही. गुपिताचे वजन हा शब्दप्रयोग सुंदर आहे, पण ते काट्यावर दिसेलच असे नाही.

आणखी एका ठिकाणी कादंबरी आणि वास्तव यांची फारकत होते. कादंबरीत सांगितले, की सुटका होते. प्रत्यक्षात कोणाला सांगितले यावर सगळे ठरते. या कादंबऱ्या जिथे आवडीने वाचल्या जातात, त्या प्रोटेस्टंट अमेरिकेतच याचे कटू उदाहरण आहे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या तिथल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेबद्दल मे २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, तरी वरिष्ठांनी त्यांना उडवून लावले, आणि आरोप असलेल्यांची यादी मात्र कार्यालयात गुपचूप ठेवली जात होती, असे त्यात उघड झाले. त्या यादीत सातशेहून अधिक नावे होती. त्या पीडितांनी बोलण्याचे धाडस केले होते. गुपित त्यांचे नव्हतेच, ते त्यांच्यावर लादले गेले होते. ‘कबूल करा, मोकळे व्हा’ हा सल्ला अशा माणसाला देणे क्रूरपणाचे आहे. त्याला कबुली द्यायची नसते, न्याय हवा असतो.

चुकीचा कान अपाय करतो, तसा योग्य कान उपकार करतो. समजूतदार, न हिणवणारी आणि गरज पडल्यास खंबीरपणे पुढचे पाऊल सुचवणारी माणसे लोक विश्वासासाठी निवडतात, असे अभ्यासांत दिसते. ज्याच्याशी गुपिताचा थेट संबंध आहे त्यालाच पहिल्यांदा सांगायला हवे असे नाही. तिऱ्हाईत विश्वासू माणसाशी बोलल्यानेही मनाचे घोळणे कमी होते. २०२३ मध्ये मायकेल कार्डास, अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी दाखवले, की आपली वाईट बाजू कळल्यावर समोरचा आपल्याला किती खाली उतरवेल याचा अंदाज माणसे फुगवूनच करतात. ऐकणारा बहुधा तितका कठोर होत नाही, उलट प्रामाणिकपणा त्याच्या लक्षात राहतो. जिवाला धोका किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर नातेवाइकांची निवड करत बसण्यापेक्षा १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करणे बरे. तिथे मराठीतही बोलता येते.

आणि कोणाशीच बोलता येत नसेल तर? जेम्स पेनबेकर यांना पॉलिग्राफ यंत्रावर संशयितांची चौकशी करणाऱ्यांकडून एक विचित्र गोष्ट कळली होती. कबुली दिल्यावर, समोर तुरुंग दिसत असतानाही, संशयिताचे श्वास आणि नाडी शांत होत असत. अफरातफर कबूल केलेल्या एका बँक अधिकाऱ्याने तर तुरुंगातून चौकशी करणाऱ्याला ख्रिसमसचे आभारपत्र धाडले. पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितले. लिहिल्या लिहिल्या त्यांना बरे वाटले नाही. मन उदास झाले, रक्तदाबही चढला. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. त्यानंतरच्या १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये निघाला, तेव्हा फायदा दिसला, पण लहान. औषधाची जागा तो घेत नाही.

करून पाहायचे असेल तर कृती साधी आहे. तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे, कोणी मध्ये येणार नाही अशी जागा. शुद्धलेखनाची फिकीर नको. काय घडले आणि तेव्हा काय वाटले, दोन्ही लिहावे. लिहिता लिहिता सहन होईनासे झाले, तर तिथेच थांबून दुसऱ्या विषयावर लिहावे. लिहिलेला कागद कोणाला दाखवायचा नसतो, जपूनही ठेवायचा नसतो. फाडून टाकला तरी चालतो.