हेडर मारायचं वय कोणतं? मुलांचा फुटबॉल आणि डोक्याला बसणारा मुका मार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरशालेय फुटबॉलची मॅच होती आणि टीमसोबत मी गेलो होतो. मी पीटीचा शिक्षक नाही, विज्ञान शिकवतो. पण मुलांबरोबर कुणीतरी शिक्षक हवा म्हणून मला पाठवलं होतं. कॉर्नर किक आली. नववीतला आमचा एक मुलगा आणि समोरच्या टीमचा डिफेंडर एकाच बॉलसाठी उडाले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तो आवाज मला बाहेरच्या लाइनपर्यंत ऐकू आला. मुलगा खाली बसला, थोडा वेळ गप्प राहिला, मग उठला. मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, विचारलं, "ठीक आहेस ना?" तो म्हणाला, "काही नाही झालं सर, खेळतो मी." रक्त नव्हतं, टेंगूळही फारसं नव्हतं. मी त्याला परत मैदानात पाठवलं. मॅच आम्ही जिंकलो. परत येताना गाडीत सगळे गात होते आणि तो खिडकीला डोकं टेकवून बसला होता.

तिसऱ्या दिवशी त्याच्या अम्मीचा फोन आला. "सर, हा नमाजला उभा राहिला की सजद्यात डोकं ठणकतं म्हणतो. उजेड सहन होत नाही. आणि मॅच कोण जिंकलं हे मला दोनदा विचारलं." डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला सांगितला, तो नॉर्मल आला. तरीही ते म्हणाले, मेंदूला हादरा बसला आहे, याला कन्कशन म्हणतात, काही आठवडे खेळ पूर्ण बंद. अल्हम्दुलिल्लाह, मुलगा नीट बरा झाला. पण डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता: "मार लागल्यावर याला परत कुणी खेळवलं?" उत्तर मलाच द्यायचं होतं.

त्यानंतर या विषयावर मी बरंच वाचलं. ते पालकांपर्यंत पोहोचावं म्हणून हा लेख.

कन्कशन म्हणजे नेमकं काय?

आपला मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोक्याला जोराचा धक्का बसला की कवटी थांबते, पण मेंदू आतल्या आत हलतो, पिळवटतो. पेशींचं काम काही काळ विस्कळीत होतं. हाड मोडलेलं नसतं, रक्तस्राव नसतो, म्हणून सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही. स्कॅन करतात तो रक्तस्राव नाही ना हे बघायला. म्हणूनच "रिपोर्ट नॉर्मल आहे, उद्यापासून खेळू दे" हे म्हणणं चुकीचं आहे.

दुसरा गैरसमज बेशुद्धीचा. आपल्याला वाटतं, मूल बेशुद्ध पडलं तरच मार गंभीर. प्रत्यक्षात दहापैकी नऊ कन्कशनमध्ये मूल बेशुद्ध होतच नाही. ते उठतं, चालतं, कधी धावतंही. पण नजर हरवल्यासारखी असते, उत्तर द्यायला वेळ लागतो, तोल जातो, मळमळतं, एकच प्रश्न परत परत विचारतं. काही लक्षणं तर दुसऱ्या दिवशी उमटतात.

मैदानावर विचारायचे काही सोपे प्रश्न डॉक्टरांनी ठरवून दिलेले आहेत: आता आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच कुणाशी होती, जिंकलो का? एकाही उत्तरात गडबड झाली तर मूल बाहेर. आणि सगळी उत्तरं बरोबर आली, पण डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणतो? तरीही बाहेर.

एवढा कडक नियम का? कारण पहिल्या हादऱ्यातून न सावरलेल्या मेंदूला दुसरा धक्का बसला तर लहान वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचितच होतं, पण झालं तर जीव जातो. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा असाच गेला. खेळ रग्बीचा होता. डोक्याला मार लागूनही तो खेळत राहिला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिका आणि इंग्लंडने काय केलं?

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत काही पालक आणि खेळाडू कोर्टात गेले. त्यांची मुख्य मागणी भरपाईची नव्हती, नियम बदलण्याची होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने समझोता केला आणि नियम आला: १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी हेडर मारायचाच नाही, ना मॅचमध्ये ना सरावात. ११ ते १३ वयाच्या मुलांना सरावात मर्यादा. आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा तास हेडिंग, आणि एका मुलाने १५ ते २० हेडरच्या वर जायचं नाही. बंदी असलेल्या वयोगटात कुणी मुद्दाम हेडर मारला तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये सूचना निघाली की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये. १२ वर्षांखालच्या गटापासून पुढे हळूहळू, मोजून सुरू करावं. नंतर मॅचमधूनही मुद्दाम मारलेला हेडर टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं: २०२४-२५ च्या हंगामात ७ ते ९ वर्षांखालचे गट, पुढच्या हंगामात १० वर्षांखालचे, आणि २०२६-२७ मध्ये ११ वर्षांखालचे. मोठ्या व्यावसायिक खेळाडूंनाही तिथे २०२१ पासून सांगितलं आहे की सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच्या वर मारू नका.

इंग्लंडच्या निर्णयांमागे एक मोठा अभ्यास होता. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. विली स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि त्याच वयाच्या सुमारे २३ हजार सामान्य माणसांशी ताडून पाहिल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष आला: डिमेन्शियासारख्या मेंदू झिजत जाणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साडेतीन पट. पुढे २०२१ मध्ये त्यांनी खेळायच्या जागेनुसार पाहिलं. गोलकीपरना असे आजार जवळपास सामान्य माणसांइतकेच, आणि सगळ्यात जास्त हेडर मारणाऱ्या डिफेंडरना सुमारे पाच पट. इंग्लंडकडून खेळलेला स्ट्रायकर जेफ अॅस्टल हेडरसाठीच प्रसिद्ध होता. २००२ मध्ये तो ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा तिथल्या मृत्यू चौकशी अधिकाऱ्याने कारण नोंदवलं: कामामुळे झालेला आजार. म्हणजे फुटबॉलच.

इथे थांबून दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पालक घाबरून मुलांना थेट घरी बसवतील. एक, हा अभ्यास आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या पुरुषांचा आहे, रविवारी गल्लीत खेळणाऱ्या मुलांचा नाही. लहानपणी मारलेल्या चार हेडरमुळे म्हातारपणी आजार होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मुलांसाठीचे नियम खबरदारी म्हणून केले आहेत: मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, मान कच्ची असते आणि मेंदू अजून घडत असतो. दुसरं, त्याच अभ्यासात फुटबॉलपटूंमध्ये हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होते. मोबाइल धरून सोफ्यावर पडलेल्या पोरापेक्षा धावणारं पोर केव्हाही बरं.

काही कोच म्हणतात, हेडर लहानपणी शिकवला नाही तर मोठेपणी चुकीचा मारतील. मला हे पटत नाही. १२ वर्षांचं मूल हलक्या बॉलने, हाताने फेकलेल्या फुग्यासारख्या चेंडूवरही कपाळ कुठे लावायचं, मान कशी ताठ ठेवायची हे चार दिवसांत शिकतं. मात्र हेडरवर बंदी आली म्हणून काम संपलं असंही नाही. हेडर मारताना होणारी बरीचशी कन्कशन बॉलने होत नाहीत. समोरच्याचं डोकं, कोपर, खांदा किंवा जमीन लागून होतात. आमच्या मुलाचंही तसंच झालं.

आपल्या मैदानावर

आपल्याकडे मोहल्ल्यातल्या टुर्नामेंटमध्ये असं काही कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. रमजानमध्ये तरावीहनंतर हॅलोजनच्या उजेडात मॅच होतात, अर्धा बॉल दिसतो, अर्धा नाही. आठ वर्षांची पोरंही मोठ्यांचाच पाच नंबरचा बॉल खेळतात, हवा दगडासारखी भरलेली. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर आणि साधारण बारा वर्षांपर्यंत चार नंबर, हे साधं गणित आहे. पावसाळ्यात शिवण उसवलेला जुना बॉल पाणी पिऊन जड होतो. तो लहानांना देऊच नये.

रमजानचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. रोजाने डोकं दुखतंय आणि माराने डोकं दुखतंय यात मूल गल्लत करू शकतं, आपणही करतो. इफ्तारनंतर पाणी पिऊन, खाऊन, झोप झाल्यावरही डोकेदुखी राहिली आणि आदल्या रात्री मूल खेळलं होतं, तर विचारा: कुठे धडक झाली होती का?

मुलींबद्दल मुद्दाम लिहितो. मुंब्र्यात परचम संस्थेने मुलींचा फुटबॉल उभा केला, आता आपल्या मुली बऱ्याच ठिकाणी खेळतात. फिफानेही २०१४ मध्ये डोकं झाकून खेळायला रीतसर परवानगी दिली. पण एकाच खेळात मुलींना कन्कशन मुलांपेक्षा जास्त होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. हिजाबचं कापड किंवा ऑनलाइन मिळणारे मऊ पट्टे मेंदूचं हलणं थांबवू शकत नाहीत. आणि मुलगी मार लपवते, कारण घरी कळलं तर खेळ कायमचा बंद होईल ही भीती. मुलगेही लपवतात, टीममधून जागा जाईल म्हणून. त्यामुळे घरातली आपली पहिली प्रतिक्रिया काय असते, यावर पुढचा मार आपल्याला कळणार की नाही ते ठरतं. "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य त्या दिवशी तरी गिळून टाका.

मग करायचं काय? त्या दिवशी परत खेळ नाही, हे पक्कं. मूल कितीही रडलं तरी. एकटं सोडायचं नाही, सायकलवर घरी पाठवायचं नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, एकाची दोन दिसणं, हातपाय लुळे किंवा बधिर होणं, मानेत दुखणं, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त येणं, जागं करूनही नीट जागं न होणं, विचित्र वागणं, यातलं एकही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन किंवा थेट मोठं हॉस्पिटल. मान दुखत असेल तर उगाच उठवून बसवू नका. यातलं काही नसलं तरी एका दिवसाच्या आत डॉक्टरांना दाखवा. तेल मालिश, हळदीचं दूध, दम केलेलं पाणी, जे मन मानेल ते नंतर करा. पेनकिलर मात्र विचारूनच द्या. रात्रभर जागं ठेवायची गरज नसते. डॉक्टरांनी पाहिलं असेल तर झोपू द्या, झोपेनेच मेंदू सावरतो, अधूनमधून बघत राहा.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल जवळपास बंद. घरात थोडं चालणं-फिरणं चालेल. मग आधी शाळा, नंतर खेळ. शिक्षक म्हणून सांगतो, कन्कशन झालेलं मूल वर्गात आळशी वाटतं. फळ्यावरचं उतरवताना डोकं दुखतं, वाचलेलं लक्षात राहत नाही, चिडचिड करतं. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, काही दिवस अर्धा वेळ बसू द्या, चाचणी पुढे ढकलायला सांगा. खेळाकडे परतताना आधी चालणं, हळू धावणं, मग एकट्याने बॉल, मग धडक नसलेला सराव. त्रास परत सुरू झाला तर एक पायरी मागे. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी निघालेल्या सूचनेप्रमाणे २१ दिवसांच्या आत मॅच नाही, आणि धडकाधडकीचा सराव सलग १४ दिवस काहीही त्रास नसेल तरच. हेडर सगळ्यात शेवटी.

तीन आठवडे म्हटलं की पोरांचा चेहरा पडतो. मी त्यांना मोहम्मद सालाहची गोष्ट सांगतो. मे २०१९ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध गोलकीपरशी धडकून त्याच्या डोक्याला मार लागला. तीन दिवसांनी चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल होती, समोर बार्सिलोना, पहिल्या मॅचमध्ये लिव्हरपूल ३-० ने मागे. त्यांच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला खेळवलं गेलं नाही. तो टी-शर्ट घालून स्टँडमध्ये बसला होता. लिव्हरपूल ४-० ने जिंकलं.

आमच्या शाळेच्या टीमबरोबर मी अजूनही जातो. मॅच सुरू होण्याआधी कोचशी एकच गोष्ट ठरवून घेतो: डोक्याला मार लागलेल्या मुलाला बाहेर काढायचा निर्णय माझा, स्कोअर काहीही असो, आणि त्यावर मैदानात वाद नाही. गेल्या हंगामात असं दोनदा केलं. एकदा आम्ही हरलो. त्या मुलाचे अब्बा माझ्यावर बरेच चिडले होते.