अकरावीच्या शाखा गेल्या, असं कुणी सांगितलं?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: आता आर्ट्स, कॉमर्स, सायन्स असं काही राहिलेलं नाही, नव्या धोरणात कुणीही काहीही घेऊ शकतं. फिजिक्सबरोबर संगीत घ्या, नाहीतर अकाउंट्सबरोबर बायोलॉजी. हे बोलणं अगदीच निराधार नाही, आणि म्हणूनच ते जास्त फसवं आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यातल्या कडक भिंती काढून टाकण्याचा हेतू स्पष्ट नोंदवलेला आहे. पण धोरणातला हेतू कॉलेजच्या वेळापत्रकात उतरायला मध्ये बऱ्याच पायऱ्या लागतात: राष्ट्रीय आराखडा, राज्याचा आराखडा, शासन निर्णय, मंडळाची विषययोजना आणि शेवटी त्या कॉलेजला मंजूर असलेली तुकडी. २०२५-२६ पासून महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, पण त्या अर्जातही शाखा निवडावीच लागली. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात या धोरणाचा नवा आकृतिबंध अकरावीला २०२७-२८ मध्ये आणि बारावीला २०२८-२९ मध्ये आणण्याचे टप्पे दिले होते; त्याच निर्णयातल्या पहिलीपासूनच्या हिंदीवरून वाद पेटला आणि जून संपता संपता तो निर्णयच मागे घेण्यात आला. तेव्हा शाखा गेल्या असं समजून अर्ज भरायला बसणं म्हणजे अजून न लागू झालेल्या नियमावर विसंबणं आहे.

बरं, उद्या राष्ट्रीय आराखडा जसाच्या तसा लागू झाला, तरी ‘काहीही घ्या’ असं त्यात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीसाठी दोन भाषा, त्यांतली किमान एक भारतीय, आणि चार विषय सांगितले आहेत. हवा असेल तर आणखी एक. मात्र हे चार विषय किमान दोन गटांतून यायला हवेत. कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षण एका गटात, सामाजिक शास्त्रं आणि आंतरविद्याशाखीय विषय दुसऱ्या गटात, तर विज्ञान, गणित आणि संगणकीय विचार हे सगळे मिळून तिसऱ्या गटात. आता जरा हिशेब करा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी ही आपल्याकडची लाडकी चौकडी संपूर्णपणे एकाच गटात बसते, म्हणजे चार मुख्य विषय म्हणून ती चालणारच नाही. त्यातला एक जादा विषय म्हणून घ्यावा लागेल आणि चौथ्या जागी इतिहास, चित्रकला किंवा एखादा व्यवसाय विषय येईल. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र एकत्र घेणाऱ्यालाही हीच अडचण येईल. ज्याला लोक संपूर्ण मोकळीक समजतात, ती प्रत्यक्षात थोडी सक्तीही आहे. ही सक्ती मला योग्य वाटते, पण ती आहे हे आधी माहीत असायला हवं.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे: आजच्या पद्धतीत शाखा म्हणजे पक्की कोंडी, आर्ट्सला गेलं की गणित संपलं. बालभारतीचं अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तक काढून मुखपृष्ठ वाचा. त्यावर ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ असं छापलेलं असतं. म्हणजे मंडळाच्या लेखी कला शाखेच्या विद्यार्थ्याला तेच गणित खुलं आहे. तरीही कला शाखेत गणित शिकवणारं कॉलेज सहज सापडत नाही, याचं कारण नियमात कमी आणि व्यवस्थेत जास्त आहे. तुकडी मंजूर होते शाखेनुसार, शिक्षकांची पदं ठरतात कार्यभारानुसार, आणि पाच-सहा मुलांसाठी गणिताचा वेगळा तास लावायला संस्था तयार नसते. भिंत कागदावर पाडली तरी वर्गात ती उभीच राहते, आणि नव्या आराखड्यापुढचा खरा प्रश्न हाच आहे. त्यामुळे मंडळाच्या यादीत किती विषय आहेत यापेक्षा आपल्या कॉलेजात त्यातले कुठले शिकवले जातात, ही चौकशी आधी करावी.

विषयनिवडीबद्दलचे बहुतेक गैरसमज तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यामुळे होतात, असं माझं मत आहे. पहिली गोष्ट पात्रता: पुढच्या अभ्यासक्रमाला अर्ज करण्यासाठी बारावीला कुठले विषय असावेच लागतात. दुसरी प्रवेश परीक्षा: तिथे प्रश्न कशावर येतात. तिसरी तयारी: प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाला काय येत आहे असं गृहीत धरलेलं असतं. पूर्वी शाखा या तिन्ही गोष्टींचा विचार विद्यार्थ्याच्या वतीने करून टाकत असे; सायन्स घेतलं की तिन्ही आपोआप जुळायच्या. मोकळीक वाढते तशी ही जुळवाजुळव विद्यार्थ्याच्या अंगावर येते. अभियांत्रिकीचं उदाहरण घेऊ. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) किमान पात्रतेच्या विषयांची यादी चौदापर्यंत वाढवली आणि ‘आता इंजिनिअरिंगला गणित नको’ अशा बातम्या झळकल्या. लगोलग परिषदेनेच खुलासा केला की ही मुभा आहे, राज्यांवर आणि विद्यापीठांवर तिचं बंधन नाही. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत फिजिक्स आणि मॅथ्स अनिवार्यच राहिले. केमिस्ट्रीला मात्र तिथे पर्याय आहे: तिच्या जागी बायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा तांत्रिक व्यवसाय विषय चालतो. मग केमिस्ट्री सोडावी का? एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम गटात २०० गुणांपैकी गणिताला १००, फिजिक्सला ५० आणि केमिस्ट्रीला ५० गुण असतात. पात्रतेने केमिस्ट्री सोडायची परवानगी दिली, तरी परीक्षेने ती काढून घेतली. पात्रतेची ओळ वाचून निर्णय घेणाऱ्याला हे सीईटीच्या तोंडावर कळतं.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं असंच आहे. ‘सैन्यात अधिकारी व्हायला सायन्स लागतं’ हे चूक आहे. भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतात ते नौदल आणि हवाई दलासाठी. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांत गणिताचे ३०० आहेत आणि ते कला शाखेच्या उमेदवारालाही सुटत नाहीत. दुसरं उदाहरण अर्थशास्त्राचं. आपल्याकडे तो आर्ट्स-कॉमर्सचा विषय मानला जातो आणि गणिताला कंटाळलेली मुलं तिकडे वळतात. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट.साठी बारावीला गणित आणि इंग्रजी हवंच; तिथे शाखा कुणी विचारत नाही. राज्यातल्या कॉमर्सच्या मुलांपुढे दरवर्षी ‘मॅथ्स की एसपी’ हा पेच असतो. एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय काही वाईट नाही, पण अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा वित्त यांत पुढे जायचा विचार थोडासा जरी मनात असेल, तर एसपी सोपी जाते एवढ्या कारणावरून गणित सोडू नये.

यावर हमखास आक्षेप येतो की सीयूईटीने हे सगळं बदललं आहे. २०२५ पासून बारावीला कुठलेही विषय असले तरी सीयूईटीत कुठल्याही विषयाचा पेपर देता येतो, हे खरं आहे. उपलब्ध विषय ३७ केले गेले आणि एका उमेदवाराला जास्तीत जास्त पाच निवडता येतात. पण पेपर देता येणं आणि तो सोडवता येणं यांत अंतर आहे. ज्याने बारावीला गणित घेतलं नाही, तो त्याच पेपरला, त्याच अभ्यासक्रमावर, दोन वर्षं गणित केलेल्यांशी स्पर्धा करणार आहे. शिवाय सीयूईटी पार केल्यावरही प्रत्येक विद्यापीठाची आपापली अट शिल्लक असते. ही सवलत उशिरा मन बदललेल्या मुलांसाठी चांगली आहे. अकरावीलाच तिच्या भरवशावर विषय सोडणं मात्र शहाणपणाचं नाही.

‘बायोलॉजी सोडली की डॉक्टर होण्याचं स्वप्न कायमचं संपलं’ ही भीतीही आता जुनी झाली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची वाट खुली केली. पूर्वी बायोलॉजीसह आवश्यक विषय दोन वर्षं नियमित शिकलेले असावे लागत. आपल्या राज्य मंडळातही तुरळक विषय घेऊन बसण्याची सोय आहे. ही तरतूद लक्षात घेतली तर ‘सगळी दारं उघडी राहावीत म्हणून पीसीएमबी’ या सल्ल्यातला जोर बराच कमी होतो. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण दोन वर्षं चारही विषय ओढून शेवटी दोन्हीकडच्या प्रवेश परीक्षांना अर्धवट तयारीने बसणं हा त्याचा नेहमीचा शेवट आहे. कुठला विषय नंतर भरून काढता येतो आणि कुठला नाही, हे पाहून निवड करणं जास्त बरं. बायोलॉजी एका वर्षात जिद्दीने उभी करता येते. गणित पायरीपायरीने चढावं लागतं, मधल्या पायऱ्या गाळून ते सहसा जमत नाही. म्हणून दोघांत खरोखर समसमान ओढ असेल तर माझं मत गणिताच्या बाजूने पडेल. अर्थात फार्मसीसारख्या अभ्यासक्रमाला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी यांपैकी काहीही चालतं, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

‘स्कोअरिंग विषय घ्या’ हा सल्ला कुठे लागू आहे तेही पाहावं. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशात गुणवत्ता सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरते. बारावीला खुल्या वर्गासाठी ठरावीक विषयांत ४५ टक्के मिळाले की पात्रता पूर्ण होते. विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आणि २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही सीईटी आहे. स्कोअरिंगचा फायदा मुख्यतः पारंपरिक बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या गुणवत्ता यादीत मिळतो. तरीही या सल्ल्यापायी दरवर्षी असंख्य मुलं मराठी किंवा हिंदी टाकून आयटी घेतात. आयटी उपयोगी आहेच, पण ते भाषेची जागा घेऊ शकत नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा अनिवार्य पेपर असतो. तो केवळ पात्रतेपुरता असला तरी त्यात नापास झालेल्याचे पुढचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. दहावीनंतर मराठीत निबंध लिहिलाच नाही, तर तो पेपर सोपा राहत नाही.

व्यवसाय विषय म्हणजे अभ्यासात मागे असलेल्यांची सोय, या समजुतीबद्दल फार लिहायची गरज नाही. २०० गुणांचे इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स हे बायफोकल, म्हणजे व्यवसाय शिक्षणाचे विषय विज्ञानाची हुशार मुलं वर्षानुवर्षं चढाओढीने घेत आली आहेत. पीकशास्त्र, पशुविज्ञान, मत्स्यशेती यांनाही तोच दर्जा आहे. त्यांचं नाव शहरात ऐकू येत नाही, इतकंच.

शेवटी सगळ्यात गंभीर आक्षेप. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पुढे काय करायचं हे कसं कळणार, आणि तालुक्यात एकच कनिष्ठ महाविद्यालय असेल तर निवड करायची कशातून? पहिल्या भागाचं उत्तर असं की त्याला करिअर ठरवायचं नाहीच. मनात असलेल्या दोन-तीन वाटांची पात्रता, परीक्षा आणि तयारी एका कागदावर लिहिली की त्यांत समान असलेले विषय आपोआप समोर येतात, आणि तेवढी निवड त्या वयात नक्की झेपते. दुसऱ्या भागाचं उत्तर विद्यार्थ्याकडे नाही, ते शासनाकडे आहे. शेजारच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून एखादा विषय शिकवण्याची सोय, फिरते शिक्षक, छोट्या गटालाही मान्य होणारा कार्यभार यांपैकी काहीच झालं नाही, तर नवा आराखडा पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कॉलेजांपुरता उरेल आणि बाकी राज्यात शाखा नुसत्या नावाने पुसल्या जातील. तोवर पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी करण्याजोगी गोष्ट साधी आहे: अर्ज भरण्यापूर्वी हव्या असलेल्या अभ्यासक्रमाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः उघडून पात्रतेचं पान वाचा, आणि कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा की यंदा कुठल्या विषयांचे वर्ग प्रत्यक्ष भरणार आहेत.