दुर्बीण फुकट, अटी सोबत

पत्राच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘सप्रेम भेट’ आणि त्याखाली बारीक टायपात 11 कलमं. मी बँकेत उभी हयात कर्जखात्यावर काढली. बारीक टाइप दिसला की ठळक अक्षरं मला दिसेनाशी होतात.

वर्ध्यात आमचा पक्षी पाहणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. सेवाग्रामचे डॉक्टर, काही शिक्षक, कॉलेजातली पोरं, एक सायकल दुरुस्तीवाला आणि खजिनदार म्हणून मी. रविवारी पहाटे रोठ्याच्या तलावावर नाहीतर पवनारला धाम नदीच्या काठी जायचं, ऊन चढलं की तर्री-पोहे खाऊन घरी. वर्गणी पोह्यांतच संपते. अशा गटाला एका कंपनीने 4 दुर्बिणी देऊ केल्या. 8 बाय 42 च्या, म्हणजे पक्षी आठपट जवळ दाखवणाऱ्या आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं, पहाटेच्या अंधुक उजेडातही चालणाऱ्या. पोरं हरखली. सायकलवाला भाऊ तेवढा म्हणाला, “काका, फुकट त कोनी चहा बी पाजत नाई. कागद वाचा आधी.”

वाचला. काही कलमं साधी होती: वस्तू विकायची नाही, वर्षाने ती कशी वापरली ते कळवायचं. काही मात्र पक्षी कधी पाहिलेच नसलेल्या माणसाने लिहिली असावीत. प्रत्येक फेरीत सभासदांनी कंपनीचे नारिंगी टी-शर्ट घालायचे! पाखरं बघायला जाणारा माणूस मातकट, हिरवट कपडे शोधून घालतो. आपला नीलपंख, ज्याला वर्धेकरांनी मतदान करून शहरपक्षी केलं, तो तारेवर बसलेला असताना दहा-बारा नारिंगी माणसं खालून चालत गेली तर पुढे पाहायला तारच उरेल.

त्याहून वाईट अट पुढे होती. टिपलेल्या पक्ष्याचा फोटो 24 तासांच्या आत, नकाशावरच्या नेमक्या ठिकाणासह टाकायचा. कंपनीला वाटलं असेल, यात काय एवढं? पण घुबडाची ढोली किंवा घरट्यातली अंडी नेमकी कुठे आहेत हे चारचौघांत सांगणं म्हणजे चोराला पत्ता देणं. घुबडं जादूटोण्यासाठी पकडली जातात, हे या छंदातल्या पोरांनाही ठाऊक असतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणंही येतं. तेव्हा अट पाळायची तर छंदाचाच पाया काढून द्यायचा.

कंपन्या अशा अटी का घालतात, याचं उत्तर दुष्टपणात नाही, हिशेबात आहे. पैशांची देणगी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिली तर आयकरात ‘80 जी’ची सवलत मिळू शकते, वस्तू दिली तर मिळत नाही. भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावर आधी भरलेला जीएसटीही कंपनीला वळता करून घेता येत नाही. मग सामाजिक दायित्वाचा निधी? 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले खरे, पण आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. शिवाय तो पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्चायचा तर संस्था रीतसर नोंदलेली हवी. पोह्यांवर चालणारा गट तिथे बसत नाही.

राहतं एकच खातं, जाहिरात-विक्रीचं. तिथला साहेब वर्षअखेरीला विचारतो, चार दुर्बिणी दिल्या, त्याचं काय झालं? त्याला उत्तर देता यावं म्हणून फोटो, बॅनर आणि टी-शर्ट. आपल्या हातात आलेली ‘भेट’ त्याच्या वहीत खर्च म्हणून चढलेली असते, आणि खर्चाला पुरावा लागतो. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला.

उरलेल्या निम्म्याला कारण होतं नववं कलम: ‘कंपनीस वाटेल तेव्हा, कोणतेही कारण न देता, वस्तू परत मागण्याचा अधिकार राहील.’ भेट म्हणजे काय, हे आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलं आहे, आणि ते केवळ जमीनजुमल्यापुरतं नाही, जंगम वस्तूंनाही लागू आहे. कलम 122 म्हणतं, भेट स्वखुशीने आणि मोबदल्याशिवाय दिलेली असते, आणि घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते. कलम 126 त्याहून मजेदार आहे. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडली तर भेट रद्द होईल, असं दोघांना ठरवता येतं. पण नुसत्या देणाऱ्याच्या लहरीवर परत घेता येईल अशी भेट कायदा भेटच मानत नाही. म्हणजे गट बंद पडला तर दुर्बिणी परत, ही अट चालू शकते. वाटेल तेव्हा परत, ही नाही. ते उसनं देणं झालं. उसनं द्यायलाही हरकत नाही, फक्त वर ‘सप्रेम भेट’ लिहू नये.

दुसरी गोष्ट नावाची. देणाऱ्याचं नाव लावण्यात मला तरी काही वावगं वाटत नाही. आपल्या देवळांतले पंखे, बाक, पाणपोया कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थच असतात, पंख्याच्या पात्यांवरचं नाव फिरताना वाचता आलं नाही तरी. पण नाव कुठे संपतं आणि जाहिरात कुठे सुरू होते? हा प्रश्न कर खात्यालाही पडला आणि ऑक्टोबर 2019 मध्ये त्यांनी चक्क परिपत्रक काढलं. त्यात योग शिकवणाऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याचं उदाहरण आहे: फळ्याखाली देणाऱ्या माणसाच्या शुभेच्छा छापल्या तर ती देणगी, जीएसटी नाही. व्यवसायाकडे बोट दाखवलं, मालाची भलामण केली, की तो मोबदला देऊन घेतलेला व्यवहार. सरकारी कागदात इतकी सरळ रेष क्वचित सापडते.

आता सगळ्यात अवघड कलम. निदान दोन सभासदांनी विक्रीच्या संकेतस्थळावर ‘सकारात्मक अनुभव’ लिहायचा. दुर्बीण फुकट मिळाली हे सांगायचं की नाही, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. गटातली पोरं म्हणाली, चांगली दुर्बीण आहे, चांगलंच लिहू, त्यात खोटं काय? खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याला ती पदरचे पैसे मोडून घेतलेल्या गिऱ्हाइकाची साक्ष वाटते, आणि तशी ती नसते. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मालाची शिफारस करणाऱ्याचं कंपनीशी देण्याघेण्याचं नातं असेल तर ते उघड करावं, असं त्यात आहे. अमेरिकेत तिथल्या व्यापार आयोगाने हीच गोष्ट 2009 मध्ये फुकट माल घेऊन लिहिणाऱ्यांना बजावली होती.

खरं तर आपल्याला हे नवं नाही. मराठी मासिकांकडे प्रकाशक अभिप्रायासाठी पुस्तकं पाठवतात. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात, ही सूचना अंकांतून सर्रास छापलेली असते. प्रत फुकट आली हे वाचक जाणतो, आणि परीक्षक पुस्तक झोडपायला मोकळा असतो. प्रकाशक रुसतो, पण पुढचं पुस्तक पाठवतो. देण्याघेण्याची ही रीत मला सोवळी वाटते. अभिप्राय मागा, तो गोडच पाहिजे असं म्हणू नका.

अटी नकोतच, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. विनोबांच्या पवनारच्या इतक्या जवळ राहून कसं जमणार? त्यांच्या भूदानात, 1951 पासून, जमीन मिळालेल्या भूमिहीनाला ती विकून मोकळं होता येत नसे. अट कडकच होती, पण दात्याचा डंका वाजावा म्हणून नव्हती. जमीन कसणाऱ्याच्याच हातात राहावी म्हणून होती. आमच्या पत्रातलं ‘वस्तू विकायची नाही’ हे कलम त्याच जातीचं. एखाद्या सायकल क्लबला हेल्मेट देताना ते घातल्याशिवाय फेरीला निघायचं नाही अशी अट असेल, तर ती मी स्वतः अधोरेखित करीन. अट वस्तूच्या वापराला जपते की देणाऱ्याच्या विक्रीला, एवढं पाहिलं की बरीच कलमं आपोआप दोन ढिगांत पडतात.

सही कोण करणार, हा प्रश्न छोटे गट नेहमी विसरतात. आमचा गट नोंदणीकृत नाही. कायद्याच्या नजरेत त्याला स्वतःचं अंग नाही. तेव्हा खजिनदार म्हणून मी जिथे सही ठोकणार, तिथे प्रत्यक्षात मी, माझं नाव, माझा पत्ता. दुर्बीण धाममध्ये पडली तर भरपाई माझ्या पेन्शनीतून. नोंदणीकृत संस्था असती तर ठराव करून, दोघांच्या सहीने, साठा वहीत नोंद करून घेतली असती.

मी उत्तर लिहिलं, गटाने बसून त्यात भर घातली. टी-शर्ट घालू, पण सभागृहातल्या कार्यक्रमात. फोटो देऊ, ठिकाण म्हणून तालुक्याचं नाव, तेही आठवड्याने, आणि घरट्याचा फोटो कधीच नाही. अनुभव लिहू तेव्हा पहिल्याच ओळीत ‘ही दुर्बीण कंपनीने दिली आहे’ असं येईल आणि पुढे जे वाटेल ते. परत मागायचं कलम काढा, नाहीतर पत्राचं नाव बदलून ‘वापरासाठी दिलेली वस्तू’ करा.

बरेच दिवस काही आलं नाही. सायकलवाल्याने मला दोनदा टोमणा मारला, “काका, तुमच्या कायद्यानं पाखरं दिसनार हायेत का?” मग एका पोराचा फोन आला, कंपनीच्या विक्री विभागातला, नम्र. घरट्याची गोष्ट त्याला खरोखरच माहीत नव्हती. ठिकाणाचं कलम त्याने तिथल्या तिथे काढलं. टी-शर्टवर तो थोडा घुटमळला. अनुभवाच्या ओळीबद्दल म्हणाला, “सर, वरून विचारून सांगतो.” वरून उत्तर आलं की चारऐवजी दोन दुर्बिणी मिळतील, वर्षभर वापरायला, आणि कागदावर ‘भेट’ हा शब्द नसेल. आम्ही हो म्हटलं. वहीत मी त्या ‘उसनी वस्तू’ या रकान्यात लिहिल्या, परतीच्या तारखेसकट, आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.