मुंबईला होडीतून वळसा

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथी माहीत असली की पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाउजेडी एकदा आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा एकदा. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. मिनिटांचा फरक पडतो, पण होडी पाण्यात लोटायची की वाळूवर ठेवायची, हे ठरवायला एवढा हिशेब पुरतो. कोळीवाड्यातल्या मुलाला तो पाढ्यांबरोबरच येतो. लोकलने रोज शहर ओलांडणाऱ्या लाखो मुंबईकरांना मात्र तो कधी लागत नाही. पूल इतके झाले आहेत की आपण खाडी ओलांडली, हे खिडकीबाहेर पाहिलं तरच कळतं.

आणि तरीही मुंबई आजही बेटच आहे. सात बेटं भराव घालून जोडली, कुलाब्याचा कॉजवे १८३८ मध्ये आणि माहीमचा १८४५ मध्ये झाला, हे शाळेत शिकवतात. त्यापुढचं सहसा सांगत नाहीत: माहीमपलीकडची साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून भाईंदर-ठाण्यापर्यंतचा सगळा भाग, हेही बेट आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि उल्हास नदीचं मुख, पूर्वेला ठाण्याची खाडी. म्हणजे गेटवेजवळून निघून, जमिनीवर पाय न ठेवता, सबंध शहराला वळसा घालून पुन्हा गेटवेला येता येतं. ज्याला कुठे तरी दूर निघून जाण्याची ओढ लागली आहे आणि पायाशी समुद्र आहे, त्याने आधी हा वळसा मनात घ्यावा, असं मला फार वाटतं. शोधायला निघायचं म्हणजे विमानाचं तिकीटच काढावं लागतं, ही समजूत या शहरात तरी खोटी आहे.

हा वळसा कशाने घालायचा? मोटरबोटीने तो काही तासांत होईल, पण हाती काही लागणार नाही. त्यासाठी समुद्री कयाक हवी. पाच मीटरच्या आसपास लांब, माणूस जेमतेम मावेल इतकी अरुंद, आणि तरंगायला वीतभर पाणी पुरणारी ही होडी. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी ती वाहून आलेलं लाकूड आणि सीलचं कातडं वापरून घडवली, तीही ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने. आजची फायबरची किंवा प्लास्टिकची कयाक त्याच बांध्याची. पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे, मधे बसायची जागा, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. बसणाऱ्याचे डोळे पाण्यापासून हातभर उंचीवर येतात. तिथून क्षितिज फक्त तीनेक किलोमीटरवर असतं. एरवी समुद्र आपण उंचावरून पाहतो, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून किंवा सागरी सेतूवरून, आणि तो सपाट दिसतो. कयाकमधून तो कधीच सपाट दिसत नाही. प्रत्येक लाट येताना दिसते, आणि दोन लाटांच्या मधल्या खोलगट भागात गेलं की शहराचे वरचे मजले तेवढे उरतात.

या होडीच्या मर्यादेतच तिचं सगळं शिक्षण आहे. सराव असलेला माणूस ताशी पाच-सहा किलोमीटर वल्हवतो. मुंबई बंदरातला उधाणाचा प्रवाह ताशी चार-पाच किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे प्रवाहाविरुद्ध निघालात तर तासभर घाम गाळूनही समोरचा बोया जवळ येत नाही, आणि प्रवाहाबरोबर निघालात तर वेग जवळपास दुप्पट. दंडांत किती बळ आहे यापेक्षा तुम्ही कधी निघालात, यावर सगळं ठरतं.

म्हणून भरतीचं गणित थोडं खोलात पाहायला हवं. मुंबईला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा मागे राहतो. तिथीच्या पाऊणपटीचं मूळ हेच: पन्नास मिनिटं म्हणजे पाऊण तासाहून किंचित जास्त, आणि तिथी दिवसाहून किंचित लहान. उधाणाला पाण्याची चढ-उतार साडेचार मीटरच्या आसपास असते. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या भरतीला, ती निम्म्याहूनही कमी होते. शिवाय पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाच्या दिवशी मधल्या दोन तासांत मिळून सव्वादोन मीटर पाणी चढतं, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकं. खाड्यांची तोंडं आणि पुलांखालच्या चिंचोळ्या जागा याच दोन तासांत सगळ्यात अवघड होतात.

आता वळशाचा बेत मांडू. भरतीचं पाणी साष्टीला दोन्ही बाजूंनी कवेत घेतं: एक लोंढा मुंबई बंदरातून ठाण्याच्या खाडीत वर चढतो, दुसरा वसईच्या खाडीतून आत शिरतो, आणि ठाण्याच्या आसपास दोन्हींची गाठ पडते. ओहोटीला ते पुन्हा दोन दिशांना ओसरतात. उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या जवळपास, सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते. तेव्हा दक्षिण टोकाकडून निघालं, की चढणारं पाणी तीस-पस्तीस किलोमीटर आत ठाण्याकडे नेतं. तिथे भरती थोडी उशिरा पोचते, म्हणजे दुपारी आपण आणि पूर्ण भरती दोघं एकाच वेळी ठाण्याला. हे जुळणं गरजेचंच आहे, कारण ठाणे-कळव्याजवळची वाट अरुंद आणि गाळाने भरलेली आहे. पाणी ओसरलं की तिथे चिखल उरतो, आणि त्या चिखलात होडी ओढत नेणं माणसाच्या आवाक्यातलं काम नव्हे. तिथून पुढे ओसरणारं पाणी घोडबंदरवरून वसईच्या मुखाकडे घेऊन जातं. समुद्र एका श्वासात तुम्हाला आत ओढतो आणि दुसऱ्या श्वासात पलीकडे सोडतो. असा बेत जमतो, हे मला या शहराचं सगळ्यात मोठं भाग्य वाटतं, आणि ते बहुतेकांना ठाऊकही नसतं.

वाटेत काय काय लागतं! बंदरात नौदलाचा आणि गोदीचा भाग दूर ठेवावा लागतो, जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्यांजवळ जाता येत नाही, घारापुरी उजव्या हाताला राहते. मग अटल सेतूखालून जायचं. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल गाडीतून वीसेक मिनिटांत संपतो. पाण्यावरून मात्र तो आधी कितीतरी वेळ समोर आणि मग कितीतरी वेळ पाठीशी राहतो. पुढे तिवरांचं रान सुरू होतं. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. हिवाळ्यापासून मेपर्यंत हे पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात चरतात. कयाकला इंजिन नाही, म्हणून जवळ जायचा मोह होतो. पण थवा एकदा उडाला की त्याच्या खाण्याचा वेळ बुडतो, आणि तो वेळही भरती-ओहोटीनेच मोजून दिलेला असतो. लांबून पाहावं.

ठाण्यापुढचा भाग मला सगळ्यात अनोळखी वाटतो. डाव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पाण्याच्या वळणावर घोडबंदरचा किल्ला, पुढे भाईंदर आणि नायगाव यांच्यामधलं पाणजू बेट. पश्चिम रेल्वेची गाडी या बेटाच्या अंगावरून जाते. तिथे गाव आहे, हे गाडीतल्या कितीजणांना ठाऊक असेल? मुखाशी, उत्तरेच्या काठावर, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतलेला वसईचा कोट. हा किल्ला जमिनीवरून पाहिला की त्याची मोडकळीस आलेली चर्चं लक्षात राहतात. पाण्यावरून पाहिला की तो इथेच का बांधला, ते एका नजरेत समजतं.

वसईपासून कुलाब्यापर्यंतची पश्चिम बाजू मोकळ्या समुद्राची आहे आणि तिला वेगळा हिशेब लागतो, तो वाऱ्याचा. थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि पाणी शांत. सूर्य चढला, जमीन तापली, की दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि लाटांचे माथे फुटू लागतात. दक्षिणेला निघालेल्याच्या तो साधारण पाठीशी येतो. म्हणूनच वळसा याच दिशेने घालावा, शहर डाव्या हाताला ठेवून, देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट. मात्र दुपारपर्यंत किनारा गाठलेला असावा. उत्तन, गोराई, मढ, वर्सोवा या पट्ट्यात डोल जाळ्यांचे खुंट आणि दोर असतात. ती कोणाची तरी रोजी आहे, त्यांना वळसा घालून जायचं. पुढे शहराची भिंत सुरू होते. चौपाटीवर लाट फुटून विरते, पण टेट्रापॉडच्या बांधावर आपटून ती परत फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढते आणि पाणी उभं नाचू लागतं. नवख्याला वाटतं किनाऱ्याजवळ सुरक्षित, तर इथे नेमकं उलटं आहे. शेवटी कुलाब्याच्या टोकापुढचा खडक आणि त्यावरचं प्रॉन्ग्ज दीपगृह. तिथे प्रवाह वळतो, त्यामुळे टोक गाठायची वेळही तिथीला विचारूनच ठरवायची.

लहान होडीचं सामर्थ्य या किनाऱ्याला नवं नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी खांदेरीवर तटबंदी उभारत होते आणि इंग्रजांची जहाजं बेटाला वेढा घालून होती. मोठ्या जहाजांना वारा आणि खोल पाणी लागायचं. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात सामान घेऊन बेटावर जातच राहिल्या आणि किल्ला उभा राहिला. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने आता ओळखलं जाणारं ते बेट थळच्या समोर, मुंबईच्या दक्षिणेला आहे.

आणि ओढ किती दूर नेऊ शकते? ऑस्कर स्पेक या जर्मन तरुणाचा धंदा मंदीत बुडाला. १९३२ मध्ये तो घडीच्या कयाकमधून उल्म गावाहून डॅन्यूब नदीत उतरला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळवायचं, एवढाच बेत होता. सायप्रसला पोचल्यावर तो थांबला नाही. युफ्रेटिस, इराणचं आखात, मग भारताचा किनारा, पुढे ब्रह्मदेश आणि इंडोनेशिया करत १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं, त्यामुळे शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध केलं गेलं. आपल्याकडे कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबईहून गोव्यापर्यंत एकट्याने कयाक नेली आणि नंतर गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा वल्हवला. दोघांच्याही प्रवासात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते किनारा धरून गेले. महासागर ओलांडणाऱ्याला पाणी दिसतं. किनारा धरून जाणाऱ्याला रोज संध्याकाळी एक गाव लागतं.

हे वाचून कोणी उद्याच होडी भाड्याने घेईल तर ते मात्र होऊ नये. आधी शिकावं लागतं: होडी उलटल्यावर तिच्यातून बाहेर यायचं, खोल पाण्यात तिच्यावर परत चढायचं. लाइफ जॅकेट अंगावर, सोबत जाणकार, आणि जून ते सप्टेंबर पूर्ण विश्रांती. २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी लहान रबरी होडीतूनच उतरले होते. तेव्हापासून या किनाऱ्यावर पहारा आहे आणि तो योग्यच आहे. निघण्याआधी सागरी पोलिसांना कळवणं हा बेताचाच भाग समजावा. अंतरं तुकड्यांनी घ्यावीत: या मोसमात ऐरोलीपासूनची खाडी, पुढच्या मोसमात मढ ते गोराई. वळसा सलग घालायलाच हवा, असा कुठे नियम आहे?

पाण्याबद्दलही खरं सांगायला हवं. माहीमच्या उपसागरात, मिठी नदीच्या मुखाशी, वल्ह्याला पिशव्या अडकतात आणि सांडपाण्याचा वास अंगाला चिकटतो. पुलावरून जाणाऱ्याला ही घाण क्षणभर दिसते. कयाकवाल्याच्या ती मांडीशी असते, त्यामुळे त्याला तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

यात सगळ्यात मोठी अडचण लाटेची किंवा वाऱ्याची नाही, उतरायच्या जागेची आहे. इतक्या लांब किनाऱ्याच्या शहरात, सामान्य माणसाने स्वतःची लहान होडी आणून पाण्यात लोटावी, असे उतार हाताच्या बोटांवर मोजता येतील. जे आहेत ते बहुतेक कोळीवाड्यांचे, आणि तेही आक्रसत चालले आहेत. नव्या सागरी रस्त्याला चालायला वाट आहे, सायकलला वाट आहे. तिथे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि होडी सरकवायला दोन-चार उतार करायला किती खर्च येईल? शेजारच्या कोळीवाड्यातल्या तांडेलांना तिथे शिकवायला नेमलं, तर पाऊणपटीचा हिशेब पुढच्या पिढीतल्या शहरी मुलांनाही येईल आणि तांडेलांच्या हाताला एक नवं काम मिळेल.