भीमाकाठचा चित्रकार आणि माळेगावचे घोडे

नांदेडहून लोह्यामार्गे लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे खंडोबाची पालखी निघते आणि पुढचे काही दिवस माळावर गावच वसते. राहुट्या, तमाशाचे फड, वाघ्या-मुरळींची जागरणे, गाढवांचा बाजार, उंट. आणि घोडे. अगाडी-पिछाडी लावून ओळीने बांधलेले, पायाने माती उकरणारे, शेजारच्यावर कान पाडून दात विचकणारे.

मुरलेले गिऱ्हाईक आधी खालचा ओठ ओढून दात पाहते, कारण घोड्याचे वय दातांत असते. मग अंगावरचे भोवरे शोधते. गळ्यावर देवमण सापडला की मालकाचा आवाज चढतो. चारही पाय आणि कपाळ पांढरे असेल तर तो पंचकल्याणी. मग खूर उचलून पाहायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि शेवटी माळावर रपेट मारून चाल बघायची. किंमत बोलण्याची पाळी त्यानंतर येते.

घोडा असा अवयवाअवयवाने पाहण्याची सवय एके काळी महाराष्ट्रातल्या गावोगावी होती. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे मराठ्यांच्या फौजांत होती. आज लातूर जिल्ह्यात असलेल्या उदगीरजवळ 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले, त्यात घोडदळाचाही वाटा होता. भीमथडीची वंशावळ अजून तुटलेली नाही. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ही तट्टे आजही चालतात आणि स्वतंत्र जात म्हणून त्यांची अलीकडे राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. याच भीमेच्या काठी, पंढरपुरात, 1915 साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. भारतीय चित्रकलेतला सर्वांत प्रसिद्ध घोडा पुढे त्यांच्या हातून उतरला.

मकबूल दीड वर्षाचा असताना आई गेली. वडिलांनी इंदूरला बिऱ्हाड केले. आईचा चेहराही आठवत नाही, ही सल हुसेन यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. मुलाचा ओढा आजोबांकडे होता. आजोबांच्या ओळखीचा एक नालबंद होता आणि नातू त्यांच्याबरोबर तिथे जायचा. नालबंदाचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या तपशिलाचे मोल कळेल. तो घोड्याचा पाय मागे वळवून मांडीवर घेतो, खूर तासतो, नाल बसवून खिळे ठोकतो, बाहेर आलेली टोके पकडीने मुरडतो. त्या वेळी लहान मुलाची नजर घोड्याच्या गुडघ्याच्या उंचीवर असते. फुगलेली शीर, ताणलेला स्नायू, वर रोखलेली मान, सगळे त्याला खालून दिसते. हुसेन यांचे पुष्कळ घोडे असेच खालून पाहिलेले वाटतात. छाती अवाढव्य, डोके उंच, नाकपुड्या फुललेल्या.

इंदूरही घोड्यांचेच शहर. तिथल्या होळकर राजघराण्याचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजे घोड्यावर बसलेला देव. शिवाय मोहरमच्या मिरवणुका. करबलाच्या रणात इमाम हुसेन शहीद झाले आणि त्यांचा घोडा स्वाराविना परतला, त्या घोड्याचे स्मरण म्हणून मिरवणुकीत दुलदुल निघतो. सजवलेला, पण पाठ रिकामी. आपल्या घोड्यांचे मूळ हुसेन यांनी स्वतः या दुलदुलशी जोडले आहे.

ही रिकामी पाठ मराठवाड्याला अनोळखी नाही. गुरू गोविंदसिंग यांनी 1708 साली नांदेडला देह ठेवला. तिथल्या तख्त सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराने आजही घोडे पाळले आहेत. ते गुरूंच्या घोड्यांच्या वंशातले, अशी श्रद्धा आहे. दसऱ्याला आणि होळीच्या सणात हल्लाबोल निघतो, तेव्हा निहंगांचे घोडे दौडत जातात, पण गुरूंच्या घोड्यावर कोणी बसत नाही. तो मोकळाच चालतो आणि लोक त्याच्यापुढे माथा टेकतात. नांदेडच्या रस्त्यावरचा हा घोडा आणि इंदुरातला दुलदुल यांच्या परंपरा वेगळ्या, इतिहास वेगळा. तरी दोन्हीकडे न दिसणारा स्वार पाहणाऱ्याला जाणवतो. हुसेन यांच्या कॅनव्हासवर बहुतेक घोडे स्वाराविनाच आहेत. त्यांचा उगम समजून घ्यायचा तर या मिरवणुकांजवळ उभे राहिले पाहिजे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

इंदूरला द. दा. देवळालीकरांच्या चित्रशाळेत काही काळ शिकून हुसेन मुंबईला आले. पोटासाठी सिनेमाची पोस्टरे रंगवली. परांचीवर चढून हातभर लांबीचा डोळा काढायचा, तोही दिवे लागायच्या आत. या कामाने हात मोठा आणि निर्भय झाला. पुढे फर्निचरच्या दुकानासाठी लाकडी खेळणी आणि मुलांच्या खोल्यांचे फर्निचर त्यांनी घडवले. 1947 साली फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, के. एच. आरा, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपमध्ये होते.

1950च्या दशकाच्या सुरुवातीला ते चीनला गेले. तिथे शाईच्या चार फटकाऱ्यांत घोडा दौडवणारे शू पेइहोंग भेटले, तांग काळातले मातीचे घोडे पाहायला मिळाले. युरोपात इटालियन शिल्पकार मारिनो मारिनीचे ताठरलेले घोडे आणि स्वार दिसले. समीक्षक इथे थांबतात आणि हुसेन यांचा घोडा चीन-इटलीतून आला असे सुचवतात. हे अर्धेच खरे. रेषा कमी कशी करावी हे त्यांना तिथे कळले असेल, पण जनावर आधीच अंगात मुरलेले होते. त्यांच्या घोड्याखाली बहुधा जमीन नसते, तरी तो अधांतरी वाटत नाही, कारण खांद्यापासून खुरापर्यंतचे वजन रेषेत बरोबर उतरलेले असते. खऱ्या घोड्याजवळ उभे राहिल्याशिवाय हे हाताला येत नाही.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. 1971 साली साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाचे पिकासोबरोबर निमंत्रण, 1991 साली पद्मविभूषण, मग चित्रांवरून खटले आणि धमक्या, 2006 पासून परदेशवास, 2010 साली कतारचे नागरिकत्व. 9 जून 2011 रोजी लंडनमध्ये ते गेले. भीमाकाठी जन्मलेल्या या माणसाला परत येता आले नाही, ही आपल्या सार्वजनिक जीवनातली मोठी खंत आहे. अखेरच्या काळातही त्यांच्या मनात घोडेच होते. दोहा येथे 2019 साली खुल्या झालेल्या त्यांच्या शेवटच्या भव्य कलाकृतीत व्हेनिसजवळच्या मुरानोच्या रंगीत काचेचे घोडे गोल फिरतात.

माळेगावात आता मारवाडी, काठेवाडी आणि पांढरेशुभ्र नुकरा घोडे जास्त दिसतात. वरातीत नाचवण्यासाठी त्यांना मागणी आहे. टांगे गेले, तसे रोजच्या कामाचे तट्टू आणि त्याला नाल ठोकणारे हातही कमी झाले. गावागावांत घोडा दिसण्याचे दिवस सरले. त्यामुळे शेकडो घोडे एका माळावर, भर दिवसा, हाताच्या अंतरावर दिसण्याची ही जागा चित्रकारांसाठी फार मोलाची आहे.

नांदेड-लातूरच्या चित्रकला शिक्षकांना म्हणूनच विनंती. इंटरनेटवरचा फोटो समोर ठेवून घोडा काढायला लावू नका. मार्गशीर्षात मुलांना माळेगावला न्या, हातात कोळसा आणि कागद द्या आणि एखाद्या नालबंदाजवळ तासभर बसवा.