दमडीचं तेल आणि ‘मरणाचं’ दुखणं

मैत्रिणींनो, मुलांचा व्याकरणाचा अभ्यास घेताना अतिशयोक्ती अलंकार आला, की दमडीच्या तेलाचं ते जुनं गाणं हटकून येतं. दमडी म्हणजे पैशाचाही बारीकसा भाग. तेवढ्या तेलात घरादाराची न्हाणी होतात नि वर तेल उरतं! मुलं खो खो हसतात. तेल मोजायला कुणी जात नाही, कारण हे फुगवून सांगितलंय हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं.

आपलं रोजचं बोलणं तरी काय वेगळं? भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, चालून चालून पायांचे तुकडे पडतात, मुलांसाठी आपण रक्ताचं पाणी करतो. ही फोडणी नसेल तर बोलणं अगदी पथ्याचं होईल, नाही का?

पण काही अतिशयोक्ती साध्या वेषात येते. ‘तुम्ही कधीच वेळेवर येत नाही’, ‘तू नेहमीचीच वेंधळी’. यात कावळे नाहीत, म्हणून ऐकणारा तो खराखुरा हिशेब समजतो. लगेच ‘परवा आलो नव्हतो का?’ अशी उलटतपासणी सुरू! मूळ तक्रार राहते बाजूला. आणि चार वर्षांच्या पोराला ‘तंगडं मोडून हातात देईन’ हा अलंकार आहे, हे कोण सांगणार?

खरी काळजी वाटते ती आपल्या दुखण्याची. ‘डोकं फुटतंय’, ‘मरणाची दमले’ हे रोजचंच झालं, की खरोखर काही होतं त्या दिवशीही घरचे मान वर करत नाहीत. बायकांच्या हृदयविकारात छातीत जोराची कळ येतेच असं नाही. दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कधी नुसता विलक्षण थकवा, एवढंच असू शकतं. असं अचानक झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि सांगायचं ते नेमकं: कधीपासून, कुठं, जिना चढताना की बसल्या बसल्या.

गंमत बघा, घरात ‘मेले गं बाई’ म्हणणारी डॉक्टरांसमोर बसली की म्हणते, ‘विशेष काही नाही हो, जरासं दुखतं.’ शून्य ते दहा यांत किती दुखतंय, असं डॉक्टर विचारतात. आठ असेल तर आठच सांगा. शेजारी सासूबाई बसल्या असल्या तरी.