पुण्यातले सिमला ऑफिस

शिवाजीनगरला बस थांबली की वाहक पुकारतो, ‘सिमला ऑफिस!’ पुण्यात नवा आलेला माणूस बुचकळ्यात पडतो. पण चौकातली जुनी दगडी इमारत खरोखरच सिमल्याहून बिऱ्हाड हलवून आलेल्या कचेरीची आहे. ती कचेरी म्हणजे भारतीय हवामानशास्त्र विभाग, आपली वेधशाळा.

विभागाची स्थापना १८७५ची, मुख्यालय कलकत्त्याला. १९०५ साली ते सिमल्याला गेले, १९२८ साली पुण्यात आले आणि महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ मध्ये, दिल्लीला हलले. पुण्याच्या वाट्याला मुख्यालय आले ते जेमतेम सोळा वर्षे. एवढ्या मुक्कामात शहराला काय मिळाले?

पहिली मिळकत शेतीची. १९३२ साली इथे कृषी हवामानशास्त्राची शाखा निघाली आणि एल. ए. रामदास यांनी ती वाढवली. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीपेक्षा तिच्या वीतभर वरची हवा अधिक गार असते, हे त्यांनी दाखवून दिले. शास्त्रज्ञ आजही त्या हवेला ‘रामदास थर’ म्हणतात.

दुसरी मिळकत हातांची. पर्जन्यमापक, तापमापक, वातकुक्कुट ही उपकरणे बनवणारी आणि तपासणारी कार्यशाळा पुण्यात उभी राहिली. मुख्यालय गेल्यानंतर, १९४८ साली, अण्णा मणी इथे रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे देशातच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले.

या कामाची शिस्त पाहायची तर पावसाळ्यात सकाळी साडेआठला पाहावी. निरीक्षक पर्जन्यमापकाचे नरसाळे काढतो, साठलेले पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरतो आणि पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ जिथे टेकतो तो आकडा वहीत मांडतो. तिथे चोवीस तासांचा हिशेब मिटतो. ‘शिवाजीनगरला इतके मिलिमीटर’ असे आपण वाचतो, ते याच शिस्तीतून आलेले असते.

कामाभोवती काम वाढत गेले. १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली. ती आज पाषाणला आहे, आणि हवामान निरीक्षकांना शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. देशभरातल्या जुन्या नोंदी पुण्यात जपल्या जातात. मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाजही इथल्याच कार्यालयात तयार होतो. पेरणीच्या तोंडावर अवघा महाराष्ट्र ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतो, तो हाच.

कचेरी हलवण्याचा विषय निघाला की भांडण मुख्यालयाच्या पाटीवरून होते. सिमला ऑफिसचा अनुभव वेगळे सांगतो. पाटी खुशाल न्यावी, पण कार्यशाळा, नोंदी आणि शिकलेली माणसे जिथे रुजली तिथून उपटू नयेत. १९४४ साली एवढे पथ्य पाळले गेले, म्हणून वेधशाळेचे पुणे आजही वेधशाळेचेच आहे.